ब्लॉकिंग टाइट एंडचा करार कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मार्च २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या मिनेसोटा वायकिंग्सकडे कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या पगारांवरच्या वार्षिक मर्यादेत, जागा नव्हती, उलट संघ मर्यादेच्या वर होता. त्यापायी एरिक केंड्रिक्सला सोडलं, मिनेसोटातच वाढलेल्या ॲडम थीलनला सोडलं. आणि काही दिवसांतच जॉश ऑलिव्हर नावाच्या, आदल्या हंगामात फक्त १४ पास झेललेल्या टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभा राहून कधी पास झेलणारा, कधी समोरच्याला अडवणारा खेळाडू) तीन वर्षांचा २ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला. टी. जे. हॉकेन्सनसारखा झेलणारा टाइट एंड हाताशी असताना हा दुसरा कशाला? आणि पुढे एखाद्या संघाने असाच करार केला, तर तो शहाणपणाचा की उधळपट्टीचा हे ओळखायचं कसं?

मी खेळाडूंच्या बाजूने करारांची गणितं मांडायचं काम करतो, त्यामुळे माझं मत किंचित खेळाडूकडे झुकलेलं वाटेल. तेवढं वजा करून वाचा.

माझ्या मते तो करार चांगला होता. २ कोटी १० लाख हा बातमीतला आकडा आहे. संघाच्या हिशेबात पहिल्या वर्षी त्याचा छोटासा तुकडा लागतो, दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायची वाट मोकळी असते. आणि ब्लॉकर, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणारा, विकत घेतला जातो तो निव्वळ रन प्लेसाठी (बॉल घेऊन धावण्याच्या चालीसाठी) नाही, क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) पाससाठीही. हे शेवटचं वाक्य बहुतेकांना पटत नाही, म्हणून त्यावर खाली जास्त लिहिलं आहे.

आधी पैसा. आयपीएलची पर्स आपल्या ओळखीची आहे: २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये. ज्या खेळाडूवर जितकी बोली लागली तितकी रक्कम पर्समधून गेली, विषय संपला. एनएफएलची कॅप दिसायला तशीच असली तरी आत वेगळी चालते, कारण इथे हातात दिलेला पैसा आणि हिशेबात धरलेला पैसा एकाच वर्षात पडावा असं बंधन नाही. कॅप १९९४ मध्ये आली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. लीगच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा, सध्याच्या सामूहिक करारानुसार सुमारे ४८ टक्के, खेळाडूंना जातो आणि त्यातून हा आकडा निघतो. म्हणून टीव्हीचे करार वाढले की कॅप वाढते. २०२१ मध्ये कोविडमुळे स्टेडियम रिकामी राहिल्याचा फटका बसला आणि कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली. त्या वर्षी मधल्या फळीच्या खेळाडूंचे फार हाल झाले. ब्लॉकिंग टाइट एंड त्याच फळीत मोडतात.

आता तीन वर्षांचे २ कोटी १० लाख कसे मांडतात ते बघा. खालचे आकडे ऑलिव्हरच्या कराराचे नाहीत, रचना कळावी म्हणून मी घेतलेले आहेत. सायनिंग बोनस ६० लाख, पहिल्या वर्षाचा पगार १२ लाख, दुसऱ्या वर्षाचा ६३ लाख, तिसऱ्या वर्षाचा ७५ लाख. बेरीज २ कोटी १० लाख. सायनिंग बोनस खेळाडूला सुरुवातीलाच मिळतो, पण कॅपमध्ये तो कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे दरवर्षी २० लाख. पहिल्या वर्षाचा कॅप हिट, म्हणजे मर्यादेत धरला जाणारा आकडा, झाला १२ अधिक २०, एकूण ३२ लाख. दुसऱ्या वर्षी ८३, तिसऱ्या वर्षी ९५. खेळाडूने पहिल्या वर्षात ७२ लाख खिशात घातले, संघाच्या वहीत फक्त ३२ लाख पडले. दोघंही खूश. पुढच्या वर्षांचा भार पुढे बघू, तोवर कॅपही वाढलेली असेल.

त्यातही ३२ लाखांची पूर्ण जागा लागत नाही. मार्चपासून हंगाम सुरू होईपर्यंत संघाच्या यादीत ९० जण असतात, पण कॅपमध्ये मोजतात ते सगळ्यात महागडे ५१ जण. नवा माणूस त्या ५१ मध्ये शिरला की तळाचा एक जण मोजणीतून बाहेर पडतो. २०२३ मध्ये एक वर्ष अनुभवाच्या खेळाडूचं किमान वेतन ८ लाख ७० हजार होतं आणि तळाशी बहुधा असेच लोक असतात. ३२ लाखांतून ते वजा करा, खरी लागलेली जागा २३ लाख ३० हजार. ‘कॅपमध्ये दमडी नाही आणि २ कोटी १० लाख उधळले’ असं वाटतं तेव्हा कारकुनी हिशेबात झालेलं असतं ते एवढंच.

व्हॉइड इयरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आता बऱ्याच करारांत ती घुसली आहेत. करार तीन वर्षांचा, पण कागदावर आणखी दोन खोटी वर्षं जोडायची, जी आपोआप रद्द होतात. मग ६० लाखांचे पाच भाग होतात, दरवर्षी १२ लाख. पहिल्या वर्षाचा हिट ३२ वरून २४ लाखांवर येतो. पण तीन वर्षं संपून खेळाडू निघून गेला की उरलेले २४ लाख चौथ्या वर्षी एकदम अंगावर येतात. जो संघात नाही त्याच्यापायी जागा अडलेली. यालाच डेड मनी म्हणतात. क्वार्टरबॅकच्या करारात हे मला समजतं, तो बसल्याबसल्या सामने जिंकून देतो. तिशीकडे झुकलेल्या ब्लॉकरसाठी, ज्याचं अंग रोज १२० किलोच्या माणसांवर आपटतं, त्याच्यासाठी आठ लाखांच्या आजच्या सोयीपायी उद्याचे २४ लाख बांधून ठेवणं मला मुळीच आवडत नाही. हा प्रकार दिसला की समजावं, संघाने जागेची तजवीज आधी केलेली नव्हती.

बाहेर पडायचं गणितही याच आकड्यांतून निघतं. वरच्या साध्या कराराची दोन वर्षं झाल्यावर सोडलं तर बोनसचे उरलेले २० लाख डेड मनी, आणि तिसऱ्या वर्षाच्या ९५ पैकी ७५ लाख मोकळे. एका वर्षानंतर सोडलं तर ४० लाख डेड मनी आणि ८३ पैकी ४३ मोकळे. पण हे दुसऱ्या वर्षाच्या पगाराला हमी नसेल तरच. खरी मेख तिथे असते. संघ बहुधा दुसऱ्या वर्षाच्या पगाराचा काही भाग सहीच्या दिवशीच हमीचा करतात, किंवा मार्चमध्ये सुरू होणाऱ्या लीग वर्षाच्या तिसऱ्या वा पाचव्या दिवशी तो हमीचा होईल अशी अट घालतात. ती तारीख म्हणजे निर्णयाचा दिवस. संघाने १ जूननंतर सोडायचा पर्याय वापरला तर बोनसचा चालू वर्षाचा भाग यंदा आणि बाकीचा पुढच्या वर्षी पडतो. पण कागदोपत्री १ जूनची मोकळीक मार्चमध्येच वापरायची सवलत दरवर्षी दोनच खेळाडूंसाठी असते. ब्लॉकरवर ती कोणी वाया घालवत नाही.

आता मैदान. ऑलिव्हरची कथा इथे कामाची आहे. सॅन होजे स्टेट विद्यापीठात तो झेलणारा टाइट एंड होता. शेवटच्या हंगामात संघात सर्वाधिक झेल त्याचेच होते. जॅक्सनव्हिलने २०१९ मध्ये ड्राफ्टच्या (संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायचे) तिसऱ्या फेरीत त्याला घेतला तो याच आशेवर. दुखापतींनी दोन वर्षं खाल्ली, आणि २०२१ मध्ये त्याला बाल्टिमोरला सातव्या फेरीच्या एका सशर्त निवडीवर देऊन टाकलं. म्हणजे जवळजवळ फुकट. बाल्टिमोरमध्ये मार्क अँड्र्यूज झेलायला होताच. ऑलिव्हरला खेळायचं असेल तर भिडायला, म्हणजे ब्लॉक करायला, शिकणं भाग होतं, आणि तो शिकला. लाइनवरून भिडू शकणारा आणि कधीकाळी झेलण्यात तरबेज असलेला माणूस बाजारात क्वचित येतो.

भिडणं म्हणजे काय ते एका प्लेवर सांगतो. स्प्लिट झोन नावाचा प्ले बहुतेक सगळे संघ खेळतात. पूर्ण लाइन (क्वार्टरबॅकपुढची अडवणाऱ्यांची रांग) एका दिशेला सरकते, समजा उजवीकडे. डावीकडच्या टोकाचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे समोरच्या संघाचा बचावपटू, मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. टाइट एंड उजवीकडून निघतो, स्वतःच्या लाइनच्या मागून आडवा डावीकडे पळतो आणि त्या मोकळ्या एंडवर जाऊन आदळतो. बॉल घेऊन धावणारा त्याच वेळी उजवीकडे निघालेला असतो, पण जागा दिसली तर उलटा डावीकडे वळतो, नेमका त्या टक्करीच्या आतल्या बाजूने. टाइट एंडने दोन गोष्टी चुकवायच्या नाहीत. वेग धरून पोचायचं पण झोक जाऊ द्यायचा नाही. अंग पुढे पडलं की एंड एका हाताने बाजूला ढकलतो आणि गेम खल्लास. आणि डोकं आतल्या बाजूला, म्हणजे धावणाऱ्याच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे एंडला आत यायची वाट बंद. फिल्म बघताना मी बॉलकडे बघतच नाही. टाइट एंडचे हात एंडच्या छातीवर, खांद्यांच्या आत पडले का, आणि टक्कर झाल्यावर पावलं थांबली की चालूच राहिली, एवढंच बघतो. वाईट ब्लॉकरची पावलं धडकेनंतर थिजतात. चांगला माणूस बारीक बारीक पावलं टाकत राहतो आणि समोरच्याला अर्धा यार्ड सरकवतो. त्या अर्ध्या यार्डात सगळा पगार आहे.

आकडेवारीच्या पानावर यातलं काही दिसत नाही. तिथे लिहिलेलं असतं: झेल शून्य, यार्ड शून्य.

आता पासचा मुद्दा. लीगमध्ये नेहमीची मांडणी म्हणजे ११ पर्सोनेल: एक धावणारा, एक टाइट एंड, तीन वाइड रिसीव्हर (कडेला उभे राहून पास झेलणारे). पहिला आकडा धावणाऱ्यांचा, दुसरा टाइट एंडचा. वायकिंग्स २०२२ मध्ये बहुतेक वेळ याच मांडणीत होते. समोरचा संघ त्यावर पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे चपळ बचावपटू) आणतो, त्यातले दोन सेफ्टी म्हणून मागे खोल ठेवतो, आणि संघाचा अव्वल रिसीव्हर जस्टिन जेफरसन याच्यावर कायम दोन जणांची नजर राहते. आता १२ पर्सोनेल आणा, म्हणजे दोन टाइट एंड. बचावाला हडलमधून (चाल ठरवायच्या घोळक्यातून) बाहेर येतानाच ठरवावं लागतं: पाच बॅक ठेवायचे, की एक बॅक काढून तिसरा लाइनबॅकर (रन अडवणारा धिप्पाड बचावपटू) आणायचा? दुसरा टाइट एंड नुसता नावाचा असेल, भिडणं त्याच्या बसची बात नसेल, तर बचाव निर्धास्त पाच बॅक ठेवतो आणि रनचीही चिंता करत नाही. पण तो खरोखर एंडला सरकवू शकत असेल तर पाच बॅक ठेवणं महागात पडतं, प्रत्येक रनला पाच-सहा यार्ड जातात. म्हणून लाइनबॅकर आणावा लागतो. आणि लाइनबॅकर आला की प्ले-ॲक्शन टाकायचा: बॉल धावणाऱ्याला दिल्याचं सोंग, लाइनबॅकर दोन पावलं पुढे, आणि त्यांच्या पाठीमागे हॉकेन्सन किंवा जेफरसन मोकळा. ऑलिव्हरचा पगार ज्या प्लेमध्ये वसूल झाला त्यातले बरेच झेल जेफरसनच्या नावावर लागलेले असतात. प्रशिक्षक केव्हिन ओकॉनल यांना हा माणूस कशासाठी हवा होता ते इथे कळतं.

तुम्ही म्हणाल, वायकिंग्सचा रनचा खेळ तरी कुठे सुधारला? २०२३ मध्ये तर तो आणखी घसरला. खरं आहे. पण एका टाइट एंडने रनचा खेळ सुधारत नाही. आतले तीन लाइनमन आणि धावणारा यांचा त्यातला वाटा कितीतरी मोठा. ‘ब्लॉकर घेतला, आता रन चालेल’ अशी ग्वाही देणारा जनरल मॅनेजर दिसला तर मी काळजी करेन.

मग हा माणूस इतका उपयोगी तर भाव कमी का? हॉकेन्सनला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्षाला सुमारे १ कोटी ६५ लाखांचा करार मिळाला, ऑलिव्हरला ७० लाख. एक कारण उघड आहे. पगाराची घासाघीस तुलनेवर चालते आणि तुलना झेलांवर होते. एजंट टेबलावर झेल, यार्ड, टचडाउन मांडतो. ‘माझ्या माणसाने अमुक इतक्या एंडना सरकवलं’ हे मांडायला त्याच्याकडे दोन्ही बाजूंना मान्य असा आकडा नसतो. ब्लॉकिंगचे ग्रेड देणाऱ्या कंपन्या आहेत, पण संघ ते टेबलावर मान्य करत नाहीत. स्वतःचे ग्रेड त्यांच्याकडे असतात आणि ते ते दाखवत नाहीत.

दुसरं कारण लीगच्या नियमांत आहे. फ्रँचायझी टॅगसाठी (करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचा संघाचा हक्क) सगळे टाइट एंड एकाच गटात धरले जातात. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहमने यावर दावा केला होता. म्हणणं असं की मी बहुतेक वेळ लाइनपासून लांब, रिसीव्हरसारखा उभा राहतो, तेव्हा मला रिसीव्हरचा टॅग द्या. फरक मोठा होता: टाइट एंडचा टॅग सुमारे ७० लाख, रिसीव्हरचा सुमारे १ कोटी २३ लाख. लवाद स्टीफन बरबँक यांनी निकाल दिला की तो टॅकलपासून (लाइनच्या टोकाच्या लाइनमनपासून) चार यार्डांच्या आत उभा असतो तेव्हा तो टाइट एंडच. ग्रॅहमसारख्या झेलणाऱ्यालाही टाइट एंडचा शिक्का महागात पडला, तर नुसत्या भिडणाऱ्याचं काय सांगावं.

या खेळाडूंचा इन्सेंटिव्हचा भागही निराळा असतो. साठ झेलांवर बोनस लिहून काही उपयोग नाही, ते होणारच नाहीत. आम्ही मागतो प्रत्यक्ष सामन्याला सज्ज यादीत असण्यावरचा बोनस. उदाहरणार्थ, हंगामाला ५ लाख १० हजार, म्हणजे १७ सामन्यांचे प्रत्येकी ३० हजार. कॅपमध्ये याचा हिशेब आदल्या वर्षावरून होतो. माणूस आदल्या वर्षी १४ सामने सज्ज असेल, तर यंदा १४ सामन्यांचे ४ लाख २० हजार ‘मिळण्याजोगे’ म्हणून आधीच धरले जातात. उरलेले ९० हजार ‘मिळण्याची शक्यता नाही’ या खात्यात, प्रत्यक्ष मिळाले तरच हिशेबात येतात. म्हणून आदल्या वर्षी दुखापतीत गेलेला खेळाडू कॅपच्या दृष्टीने सोयीचा असतो. ऐकायला क्रूर आहे, पण फोनवर हे रोज बोललं जातं. संघाला या बोनसची आवड अशासाठी, की गुडघा गेला तर पैसे वाचतात. नेमक्या त्याच कारणासाठी आम्ही तो आकडा लहान आणि हमीचा पगार मोठा ठेवायला भांडतो.

पर्यायांकडे येऊ. संघाला ७० लाख द्यायचे नसतील तर काय करता येईल? सगळ्यात स्वस्त म्हणजे नेहमीच्या पाचांवर सहावा लाइनमन आणायचा. एरवी पास झेलायला अपात्र असलेल्या ५० ते ७९ क्रमांकाच्या खेळाडूने रेफरीला जाऊन सांगायचं की मी पाससाठी पात्र आहे. यातली गंमत डेट्रॉइटला विचारा. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसमध्ये ७० नंबरचा डॅन स्किपर की ६८ नंबरचा टेलर डेकर यावर घोळ झाला, डेकरने झेललेले दोन गुण रद्द झाले आणि सामना २०–१९ असा हातचा गेला. घोळ सोडला तरी सहाव्या लाइनमनमध्ये मूळ खोट आहे: तो आला की रन येणार हे उभ्या स्टेडियमला कळतं, प्ले-ॲक्शनची अर्धी धार जाते. फुलबॅक, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहणारा ब्लॉकर, हा दुसरा मार्ग. वायकिंग्सकडे सी. जे. हॅम होताच, पण फुलबॅक मागून येतो, लाइनवर उभा राहून एंडला पहिल्या क्षणी अडवू शकत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त पटतो आणि संघ तो पुरेसा वापरत नाहीत: जुना जाणता, किमान वेतनावर. चार किंवा जास्त हंगाम झालेल्या खेळाडूने किमान वेतनावर एक वर्षाचा करार केला तर कॅपमध्ये तो दोन वर्ष अनुभवाच्या खेळाडूइतकाच मोजला जातो. २०२५ मध्ये सात किंवा जास्त हंगाम झालेल्या माणसाचं किमान वेतन १२ लाख ५५ हजार होतं. त्यावर १ लाख ६७ हजार ५०० चा बोनस धरला तर त्याला १४ लाख २२ हजार ५०० मिळतात, पण संघाच्या हिशेबात पडतात ११ लाख ९७ हजार ५००. ही सवलत मुद्दाम ठेवली आहे, नाहीतर तिशीपुढच्यांना कोणी घेतलंच नसतं. मार्सेडीस लुईस हे या जमातीचं आदर्श उदाहरण. २००६ मध्ये जॅक्सनव्हिलने पहिल्या फेरीत घेतला, २०१० मध्ये दहा टचडाउन करून ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्याला गेला. म्हणजे तोही एके काळी झेलणाराच. नंतर ग्रीन बे आणि शिकागोत चाळिशीला टेकेपर्यंत खेळला तो भिडण्याच्या जोरावर. वेग जातो, पण हात कुठे टाकायचे हे ज्ञान जात नाही. लुईस काही किमान वेतनावरच खेळत होता असं नाही. पण अशा माणसांची शेवटची वर्षं बाजारात स्वस्त मिळतात हे खरं. अडचण एकच, त्याला सामन्यात २५ स्नॅपपेक्षा, म्हणजे २५ प्लेपेक्षा, जास्त वापरू नये.

ड्राफ्टचा मार्ग मी इथे टाळतो, कारण कॉलेजमध्ये हल्ली टाइट एंड लाइनला हात टेकवून फारसे उभे राहत नाहीत. शिकवण्यात दोन वर्षं जातात, आणि तिसऱ्या वर्षानंतर तो माणूस दुसऱ्याच्या डोळ्यात भरतो. ब्रॉक राइटचं हेच झालं. नोत्र दामचा, ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला, डेट्रॉइटने घडवलेला. २०२४ च्या मार्चमध्ये तो मर्यादित मुक्त खेळाडू झाला, म्हणजे दुसऱ्याने देऊ केलेला करार जुना संघ मान्य करून त्याला ठेवू शकत होता. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला तीन वर्षांचे १ कोटी २० लाख देऊ केले. तो ड्राफ्ट न झालेला असल्यामुळे डेट्रॉइटने सोडला असता तर बदल्यात ड्राफ्टची निवडही मिळणार नव्हती. डेट्रॉइटने तोच करार मान्य करून त्याला ठेवला.

सॅन फ्रान्सिस्कोला तो का हवा होता हे बघण्यासारखं आहे. त्यांचा स्वतःचा ब्लॉकर चार्ली वोर्नर, चार वर्षांत डझनभरही झेल नसलेला, त्याच महिन्यात अटलांटाला गेला होता. तोही तीन वर्षांच्या १ कोटी २० लाखांवर. म्हणजे बाजाराने भाव ठरवला होता: वर्षाला ४० लाख. राइट मिळाला नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोने जॅक्सनव्हिलच्या ल्यूक फॅरेलला तीन वर्षांचे २ कोटी २ लाख ५० हजार दिले, म्हणजे वर्षाला ६७ लाख ५० हजार. एका वर्षात तेच काम दीडपटीहून महाग. जॉर्ज किटलसारखा भिडण्यात आणि झेलण्यात दोन्हीत अव्वल माणूस असतानाही त्यांना दुसरा हवाच होता, कारण किटलला प्रत्येक एंडवर आदळायला लावलं तर त्याचं अंग डिसेंबरपर्यंत टिकणार नाही. महागड्या टाइट एंडचा टिकाऊपणा वाढवणं, हेही ब्लॉकरच्या पगारात येतं.

मुक्त खेळाडू घेताना आणखी एक छुपी किंमत असते. करार संपून आलेला खेळाडू घेतला तर भरपाईच्या ड्राफ्ट निवडींच्या हिशेबात तो तुमच्या विरुद्ध मोजला जाऊ शकतो आणि तुमचा कोणी गेल्याबद्दल मिळणारी निवड रद्द होऊ शकते. दुसऱ्या संघाने सोडून दिलेला खेळाडू घेतला तर हा दंड नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅपसाठी कापलेल्या ब्लॉकरवर हुशार संघ टपून असतात. त्याच दर्जाचे दोन असतील तर मी नेहमी कापलेल्याकडे बोट दाखवेन.

धोक्याचं उदाहरण द्यायचं तर बाल्टिमोरचा निक बॉयल. २०१९ मध्ये तीन वर्षांचे १ कोटी ८० लाख, तेव्हा पहिल्या चार हंगामांत एकही टचडाउन नव्हता. लोक हसले. त्या हंगामात बाल्टिमोरने धावून ३,२९६ यार्ड काढले, लीगचा विक्रम, आणि बॉयल त्या खेळाचा कणा होता. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंडविरुद्धच्या पावसातल्या सामन्यात गुडघा गेला. त्यानंतर संघाने विश्वासाने करार आणखी दोन वर्षं वाढवला. तो पूर्वीसारखा परत आला नाही आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याला सोडलं. पहिला करार उत्तम होता, दुसरा नको होता. गुडघा जोडून आणता येतो. पण एंडच्या पायाखाली शिरायला लागणारा वाकाव, कमरेतून बसण्याची ती ताकद, तीस वर्षांच्या शरीरात परत आणणं फार कठीण.

ऑलिव्हरच्या बाबतीत उलट झालं. २४ डिसेंबर २०२३ ला डेट्रॉइटविरुद्ध हॉकेन्सनचा गुडघा गेला, आणि तयार टाइट एंड संघात होताच. पुढच्या वर्षी वायकिंग्सनी १४ सामने जिंकले. जून २०२५ मध्ये ऑलिव्हरला आणखी तीन वर्षांचे २ कोटी ३२ लाख ५० हजार मिळाले. वर्षाला ७७ लाख ५० हजार, म्हणजे आधीपेक्षा वाढ. पण हे करार डॉलरमध्ये न तोलता कॅपच्या टक्क्यांत तोला. २०२३ चे ७० लाख त्या वर्षीच्या कॅपच्या ३.१ टक्के होते. २०२५ च्या कॅपवर ७७ लाख ५० हजार म्हणजे २.८ टक्के. वोर्नरचे ४० लाख २०२४ च्या २५ कोटी ५४ लाखांवर १.६ टक्के, फॅरेलचे २.४. माझ्या वहीत निव्वळ ब्लॉकरसाठी अडीच टक्के ही रेघ आहे. झेलूही शकत असेल तर तीनच्या आसपास. पुढचा असा करार जाहीर झाला की पहिल्या दिवशीची रक्कम विसरून दोन-तीन दिवस थांबा, हमीचे पैसे आणि व्हॉइड इयर बाहेर येऊ द्या, मग त्या वर्षाच्या कॅपने भागा.